राबियानं वाढवलेले वेढे

घोडनदीच्या मार्केट यार्डामागं सिद्दीकचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान. समोर माझं बियाण्यांचं, त्यामुळं हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. लकव्यानं सिद्दीकचा उजवा हात गेला आणि दुकान बंद करायची वेळ आली. त्याची बायको राबिया म्हणाली, "मी बसते." नववी शिकलेली बाई! सगळे हसले, मीही हसलो.

हाताचं काम सिद्दीकनं खुर्चीत बसून दाखवलं. पण "असंच का?" विचारलं, की उस्तादांनी असंच शिकवलं, एवढंच त्याचं उत्तर. मग राबिया मोबाइलमधल्या चॅटबॉटला विचारायची. मराठीत, बोलून, एकच प्रश्न दहा वेळा. तो चिडत नसे. आकडा चुकला तर हीच त्याला झापायची, "परत मांड, तारेच्या खाचा, स्लॉट, चोवीस हाईत!" वर्षभर हे चाललं.

मग जयसिंग आप्पांची पाणबुडी मोटार आली, दोन वर्षांत चौथ्यांदा जळालेली. आधी तीन वेगवेगळ्या मिस्त्र्यांनी ती भरली होती. या धंद्याची रीत अशी, की जळक्या कॉइलचे वेढे मोजायचे आणि तेवढेच नवे भरायचे. राबियानं मोजले, बेचाळीस. मग मोटारीची मापं घेतली, वहीत गणित मांडलं, फोनकडून तपासून घेतलं आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस पायजेत. पयल्या मिस्त्रीनं कमी भरले, बाकीच्यांनी तेच मोजून भरले. वेढे कमी म्हंजी करंट जास्त, मग जळनारच."

"तीन मिस्त्री येडे व्हते व्हय?" आप्पा उखडले. "मोजलेत तेवढंच भर. माझा ऊस वाळतोय."

सिद्दीकनंही त्यांचीच री ओढली. मोटार पुन्हा जळली असती, तर आप्पांच्या गावातलं एकही गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नसतं. खोटं कशाला बोलू, पैज लावायची असती तर मी आप्पांच्याच बाजूनं लावली असती.

"मोजून भरायचं असंल तर उचला मोटार," राबिया म्हणाली. "जळायसाठी मी भरनार न्हाई."

आप्पांनी उचललीही असती, पण न्यायची कुठं? तिन्ही मिस्त्र्यांकडं जाऊन झालं होतं. तेवढ्याच जागेत जास्त वेढे बसावेत म्हणून राबियानं जरा बारीक तार घेतली आणि अठ्ठेचाळीस भरले.

अख्खा उन्हाळा मोटार चालली. जूनमध्ये आप्पा दुकानात उभे राहून पाहुण्याला फोनवर सांगत होते, "सिद्दीककडं आन. मिस्त्री भारी हाय."

राबियानं हातातली तार खाली ठेवली, आप्पांच्या हातातून फोन घेतला.

"मिस्त्री मी हाय. राबिया. मोटार आनायची तर नाव ध्यानात ठेवून या."