साकोलीशी हरायची रीत

दिघोरीत यादोरावांच्या चक्कीवर दळण टाकलं की पिठासोबत ऑस्ट्रेलियाही घरी न्यावा लागतो. पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय अंगात इतकी मुरली आहे, की चक्की बंद असली तरी हा माणूस ओरडूनच बोलतो. देवळात हात जोडून मनातल्या मनात मागतो तेही वेशीवर ऐकू जातं. त्यामुळे यादोराव देवाला काय मागतात हे साऱ्या गावाला पाठ आहे. साकोलीशी एकदा तरी हरायचं नाही.

पण त्याआधी ऑस्ट्रेलिया. यादोरावांच्या मते क्रिकेटच्या जगाचे दोन भाग आहेत. एक ऑस्ट्रेलिया आणि दुसरा ऑस्ट्रेलियाशी हरणारे. पहिल्या भागात त्यांना फारसा रस नाही.

"जिंकनारा कसाबी जिंकते," ते भुवईवरचं पीठ झटकत सांगतात. "हारनारा कसा हारते ते पाहाव. इंग्लंड पाहा. मोडलेला मालगुजार. निघाच्या आधी गावभर सांगते का यंदा पाहूनच घेतो, आन तिथं पहिल्याच सकाळी धोतर फिटते. पाकिस्तान घरूनच भांडून निघते, मंग तिथं जाऊन कॅच कोन धराव? वेस्ट इंडिज म्हंजे शंकरपटाच्या शर्यतीतला म्हातारा बैल. बसला त उठत नाही, पन एखाद्या दिवशी असा सुटते का ब्रिस्बेनले धूळ उडवून येते. साउथ आफ्रिका पाहुना म्हनून गेला का जिंकते आन घरी बोलावलं का लय वेळा हारते."

"आन आपन?" बाकावर बसलेले हिरालाल विचारतात. हिरालाल जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलेले. दळण नसलं तरी येतात, कारण घरी टीव्हीवर सूनबाईंची मालिका असते.

"आपन छत्तीसवर आउट होतो आन त्याच दौऱ्यात त्यायचा किल्ला घेतो. आपला काही भरोसा नाही."

"न्यूझीलंड?"

इथे यादोरावांचा आवाज पहिल्यांदा खाली येतो. न्यूझीलंड हे त्यांचं दुखणं आहे. "ते शेजारी हाय ना. आपल्यासारखा गरीब, सभ्य मानूस. आपल्याले आपल्याच घरी येऊन धुवून गेला. पन शेजाऱ्यासमोर उभा राहिला का हात थरथरतेत. मागं त ऐंशीवर अर्धी टीम आउट केली होती ऑस्ट्रेलियाची, तरी हारला."

"म्हंजे दिघोरी," हिरालाल म्हणतात, आणि यादोराव चक्की सुरू करतात.

आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, दिवाळीनंतर भरते. घरोघरी पाहुणे, दुकानं, पाळणा, संध्याकाळी नाचगाण्याची दंडार. हलका धान निघालेल्या एका मोठ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मंडईच्या आदल्या दिवशी आणि मंडईच्या दिवशी मिळून साकोलीशी दोन दिवसांची मॅच होते. सीझन बॉल, पांढरे कपडे, दोन दोन डाव. ही टेस्ट यादोरावांनीच सुरू केली. तेव्हा ते कप्तान होते, यंदापासून पंच आहेत. रिवाज असा की एका टोकाला दिघोरीचा पंच आणि दुसऱ्या टोकाला साकोलीचा. दुसरा रिवाज असा की दिघोरी हरते. पावसाने धुतलेली एक मॅच सोडली तर त्या रिवाजात खंड नाही.

यंदा दिघोरीचा कप्तान प्रितमने चक्कीवर येऊन सांगून टाकलं, "काकाजी, यंदा हारलो त पुढल्या सालपासून टेस्ट बंद. टेनिस बॉल, दहा ओव्हर, डीजे. पोरायनं ठरवलं हाय. दोन दिवस हाराले टाइम कोनाले हाय?"

यादोराव काही बोलले नाहीत, हीच मोठी बातमी होती. त्या दिवशी त्यांनी कुणाचे तरी गहू बेसनावर दळले.

संध्याकाळी मात्र ते हिरालालच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मले समजलं आपन काहून हारतो ते."

"काहून?"

"जवाई."

झालं होतं असं, की साकोलीच्या संघात दरवर्षी आमच्या गावचे दोन-तीन जावई असतात. सगळ्यांत खमका अंकुश, साकोलीचा कप्तान आणि यादोरावांच्याच मुलीचा, प्रतीक्षाचा नवरा. आणि मंडईत जावई म्हणजे साऱ्या गावाचा पाहुणा. त्याला उसळता चेंडू टाकायचा तर गोलंदाज आधी सांगून टाकतो. त्याचा झेल उडाला की खालचा माणूस बांधावर बसलेल्या बायकांकडे बघतो, तिथे त्याची सासू असते, आणि झेल सुटतो. मागच्या पंचांनी तर जावयाला पायचीत देणं म्हणजे त्याच्या ताटातली पुरणपोळी उचलण्यासारखं मानलं होतं.

"यंदा मी देईन," यादोराव म्हणाले. "जवाई असो का जवायाचा बाप. पायावर लागला, गिल्लीच्या समोर असला, का बोट वर."

हे त्यांनी खासगीत सांगितलं, म्हणजे घरात त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, भाजी चिरता चिरता ऐकलं.

"बोट वर करा," त्या म्हणाल्या. "मंग त्याच बोटानं जेवन वाढून घ्या. पोरगी आठ दिवसायसाठी आली हाय."

"खेळ खेळ असते, घर घर असते."

"हे साकोलीत सांगा."

मॅच सुरू झाली आणि दिघोरीची पोरं नवल वाटावं अशी खेळली. टेस्ट बंद करायची म्हणून शेवटची मनापासून खेळत असावीत. मंडईच्या दिवशी उन्हं कलली तेव्हा साकोलीला जिंकायला सात-आठ धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. एका टोकाला त्यांचा बॅट धरता न येणारा गोलंदाज आणि दुसऱ्या टोकाला अंकुश. एक गडी मिळाला की दिघोरी जिंकणार होती. पाळण्याचं भाडं दिलेले लोकही पाळणा सोडून बांधावर आले. विमलाबाई चहाची किटली घेऊन बांधावर होत्या. जावयाच्या चहाची वेळ झाली होती.

प्रितम गोलंदाजीला आला. यादोराव त्याच्याच टोकाला उभे. त्यांनी उजवा हात मागे नेऊन ठेवला होता, बोट तयार ठेवून, बंदुकीच्या घोड्यावर ठेवतात तसं.

चेंडू पडला, आत आला आणि अंकुशच्या पॅडवर मधल्या दांडीसमोर बसला. असा आवाज आला की बांधावरची बकरी उठून उभी राहिली. यादोरावांच्या तीस वर्षांच्या अभ्यासात इतका स्वच्छ पायचीत त्यांनी टीव्हीवरही पाहिला नव्हता. हात कोपरापर्यंत वर आला.

आणि तिथेच थांबला.

कारण कुणी काही बोललंच नाही. क्रिकेटचा नियम आहे, आणि हा नियम यादोरावांनीच चक्कीवर अख्ख्या गावाच्या कानात दळून घातलेला आहे : खेळाडूंनी मागितल्याशिवाय पंच आउट देत नाही. सकाळपासून साकोलीच्या बाकीच्यांना आउट मागताना या पोरांनी ओरडून घसे बसवले होते. आता अकरा पोरं अकरा जागी उभी. यष्टिरक्षक ग्लोव्हज निरखत होता. स्लिपमधल्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

यादोरावांनी प्रितमकडे पाहिलं. प्रितमने आभाळाकडे पाहिलं.

"काय रे?" यादोराव दबक्या आवाजात म्हणाले, म्हणजे साकोलीपर्यंत. "काही म्हनाचं हाय काय तुले?"

"नाही काकाजी."

"काहीच नाही?"

"चेंडू द्या म्हना."

दुसऱ्या टोकाचा साकोलीचा पंच हे सगळं फार आदराने पाहत होता. वर आलेला हात परत न्यायला काही कारण हवं, म्हणून यादोरावांनी त्याच हाताने कान खाजवला. त्याच षटकात अंकुशने दोन चौकार मारले आणि मॅच संपली.

संघ पांगल्यावर यादोरावांनी प्रितमला बांधीतच धरलं. "मी देत होतो ना बे. हात पाहिला नाही माझा?"

"पाहिला ना."

"मंग मांगलं काहून नाही?"

"काकाजी, जवाई हाय ते गावाचा. त्याच्या अंगावर कसं ओरडाव? आमाले वाटलं तुमीच देऊन द्याल."

"मले देता येत नाही."

"आमाले मांगता येत नाही," प्रितम म्हणाला, आणि तो खरं बोलत होता. हिरालालनी मागून भर घातली, "यादोराव, ऑस्ट्रेलिया त कोनाचा जवाई नाही. तरी सारे हारतेतच." यादोराव त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. हिरालालना त्या दोन दिवसांत मालिकेतल्या सगळ्या सुना पाठ झाल्या.

दंडार सुरू व्हायच्या आधी मांडवात गावाने जावयांना दुपट्टा आणि नारळ दिला. ही रीत जुनी. देणाऱ्याने विचारायचं, काही कमी पडलं काय, आणि जावयाने म्हणायचं, काही नाही. गावाच्या वतीने यंदा विचारायचं काम प्रितमकडे होतं.

"काही कमी पडलं काय, जवाईबापू?"

अंकुशने नारळ हातात फिरवला. "पडलं," तो म्हणाला.

 विमलाबाईंनी पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकाकडे मनातल्या मनात वळून पाहिलं.

"दहा ओव्हरची मॅच नोको. हेच टेस्ट पाहिजे पुढल्या सालीबी. दोन दिवस."

आता जावयाने मांडवात, हातात नारळ असताना मागितलेलं नाही म्हणायची दिघोरीत सोय नाही. प्रितमने पोरांकडे पाहिलं. पोरांनी बुटाच्या नाड्यांकडे पाहिलं.

"राहील टेस्ट," प्रितम म्हणाला.

 घरी जेवताना अंकुश हळूच म्हणाला, "मामाजी, तो चेंडू. आउट होता ना?"

"होता."

"मलेबी तसंच वाटलं."

"मंग निघून काहून नाही गेले तुमी?"

"कोनी मांगलंच नाही," अंकुश म्हणाला.

यादोराव त्याच्याकडे पाहत राहिले. टेस्ट वाचली होती, पण वाचवली कुणी, तर साकोलीने. म्हणजे हरायचंही साकोलीशी आणि उपकारही साकोलीचे. न्यूझीलंडवर निदान ही वेळ आलेली नाही. त्यांना फार काही बोलायचं होतं, आणि चक्की बंद होती, त्यामुळे सगळ्या गावाला ऐकू गेलं असतं.

"बसून काय राहिले," विमलाबाई म्हणाल्या. "जवायाले भात वाढा."

यादोरावांनी वाढला. उजव्या हाताने.