पायपेटीत बसलेली खुडूक कोंबडी

चंदनसारच्या आमच्या सोसायटीत शांताराम तावड्यांच्या फ्लॅटमध्ये शिरायचं तर आधी पोट आत घ्यावं लागतं. दाराशीच एक जुनी पायपेटी उभी आहे, म्हणजे पायांनी भाता मारत वाजवायचा ऑर्गन. दुसरी सोफ्याच्या जागी आहे. तिसरीवर सरोजिनीवहिनी पोळ्या लाटतात. निवृत्तीनंतर माणसं मधुमेह सांभाळतात, तावडे पायपेट्या सांभाळतात. वाजवता त्यांना एकही येत नाही, हे त्या पेट्यांचं नशीब.

यंदा मार्चमध्ये त्यांना खबर लागली, की गिरीज गावात उर्सुला मावशी म्हणून कुणी आहेत, त्यांच्या पडवीत फार जुनी जर्मन पायपेटी आहे. तावडे धावले. पाहतात तर विघ्नेश नावाचा एक इंटिरिअरवाला आधीच टेप लावून मापं घेत होता. आतलं सगळं उपसून तो एका हॉटेलसाठी तिचं दारूचं कपाट करणार होता. तावडे थेट मावशींकडे वळले.

"मावशी, मला द्या. मी जशीच्या तशी जपेन."

"देईन हो कुणाला तरी. पण आत कोंबडी खुडूक बसलीय."

पेटीची मागची फळी कधीच निखळली होती. भात्याशेजारच्या पोकळीत एक लाल कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि दोन्ही गिऱ्हाइकांकडे सारख्याच रागाने बघत होती.

"टोपलीत हलवा ना तिला," विघ्नेश म्हणाला.

"तुझ्या आईला बाळंतपणात कुणी टोपलीत हलवलं होतं? पिल्लं निघू देत. मग बघू कुणाला द्यायची ते."

विघ्नेश फोन नंबर ठेवून गेला. तावडे मात्र रोज गिरीजला जाऊ लागले. मुंगूस येईल या धास्तीने पेटीपुढे खुर्ची टाकून बसायचे, कोंबडीला कण्या घालायचे, तिचा डोळा लागला की हळूच पट्ट्या पुसायचे. पहिल्या आठवड्यात तिने त्यांची बोटं फोडून काढली.

"माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढे फेरे घातले नव्हते तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"तेव्हा तुझी आई होती ना तिथे," तावडे म्हणाले, आणि पुढचे काही दिवस नुसत्या वरणभातावर राहिले.

अखेर पिल्लं निघाली. कोंबडी त्यांना घेऊन अंगणात उतरली. मावशींनी दोघांनाही फोन केला. विघ्नेश टेम्पो घेऊनच आला.

"काका, तुम्हाला वाजवता तरी येते का?" त्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

"नाही," तावडे म्हणाले. "शिकेन."

"आता वाजवा बघू," मावशी म्हणाल्या.

तावड्यांनी गवत झटकलं, स्टूल ओढलं, पाय मारले. आधी नुसती धाप ऐकू आली, पेटीची की त्यांची कोण जाणे. पिसं उडाली. मग एका पट्टीतून जाड, थरथरता सूर निघाला आणि टिकून राहिला. पिल्लं घाबरून आईच्या पंखांखाली घुसली. कोंबडीने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपू लागली.

मावशी पदराने हात पुसत पुढे आल्या. मग विघ्नेशकडे वळल्या.

"बाबा, टेम्पो आणलाच आहेस, तर पेटीसकट ह्यांना चंदनसारला सोडशील का?"