मीराला फिरवून आणते

गुरुवारी भोसरीत कंपन्या बंद. त्या दिवशी आमच्या खोलीवर कुणी आलं की लीडर ताई आतूनच सांगायची, "बसा वाईच, मीराला फिरवून आणते." पाहुणा बिचारा इकडेतिकडे बघत बसायचा. मीरा खोलीत असायचीच कुठे? आमच्याआधी इथे राहायची, आणि लग्न होऊन केव्हाच जालन्याला गेलेली. ताई मात्र जुन्या डबा टीव्हीसमोर मांडी घालून, व्हिडिओ गेमचा रिमोट धरून बसलेली असायची.

वायरिंगच्या कारखान्यात ती आमची लाइन लीडर, आणि राहायलाही आम्ही तिच्याच खोलीत. म्हणजे कामावरही तीच ओरडणार आणि घरीही! पण गेम लागला की तिचा आवाज मऊ व्हायचा. पडद्यावर हिरवी माळरानं, इवलाली गावं, संध्याकाळ झाली की निळी पडणारी झाडं, आणि मागे झोपाळ्यासारखं हलणारं एक संगीत. आम्ही भाजी निवडत बघत राहायचो. रस्त्यावरचे टेम्पो ऐकूच यायचे नाहीत.

गेम तिच्या भावाने टाकून दिलेला. कॅसेटी दोन, पहिला भाग आणि दुसरा. पहिल्याला तिने एकदाच हात लावला. "अगं, त्यात एकटाच गडी हाय. एकट्यानं चालायचं, एकट्यानं मार खायाचा, बोलायला कुनी न्हाई. काय करायचाय असला खेळ?" दुसऱ्या भागात चौघांची टोळी करता यायची, नावं आपण द्यायची, आणि जास्तीच्या माणसांना गावातल्या धर्मशाळेत ठेवता यायचं. "ज्यानं दुसरा भाग केला ना, त्याला घरची मानसं असनार," असं तिचं ठाम मत.

खोलीत नवी मुलगी आली की पहिल्याच गुरुवारी तिचं नाव गेममध्ये. माझ्या वाट्याला कुऱ्हाड आली. "मला जादूवाली कर ना, ताई." "आधी भाकरी गोल कर."

खोली सोडून गेलेल्या मुलींची नावं मात्र ती पुसायची नाही. धर्मशाळेतून एकेकीला पाळीपाळीने बाहेर काढायची, राक्षसांशी लढवायची, परत आणून झोपवायची. "बसून ऱ्हायली की कच्ची पडती गं. उद्या परत आली तर बाकीच्यांबरोबर कशी चालंल?" आम्ही हसायचो. "ताई, मीरा तिकडे पोरं सांभाळतेय. ती काय तलवार घेऊन येणारे?" "येऊ दे न्हाईतर न येऊ दे. आपन तयार ठेवायची."

मग माझंही लग्न झालं, लातूरला गेले. ते टिकलं नाही. का, ते सांगत बसत नाही. एका बॅगेनिशी ताईच्या दारात परत आले. माझ्याबरोबरच्या मुली पुढे गेलेल्या, माझे हात सगळं विसरलेले. मला आता लाइनवर कोण उभं करणार? ताईने नुसतं "का आलीस?" विचारलं असतं तरी मी दारातूनच फिरले असते.

गुरुवार होता. ताईने वर बघितलं आणि सरकून जागा केली. "हितं बस. आधी हे बघ."

धर्मशाळेत माझं नाव होतं. नावापुढची लेव्हल बाकीच्यांइतकीच, तसूभरही कमी नाही. आणि हातात कुऱ्हाड नव्हती, जादूची काठी होती.

"भाकरी अजून गोल येत नाही, ताई," मी म्हणाले, आणि हमसून हमसून रडले.

"यील. उद्या लाइनवर ये. हात इसरत न्हाईत."

खरंच नाही विसरले.

गेल्या वर्षी ताईची आई अंथरुणाला खिळली आणि ताई मावळात गावी गेली. गेम इथेच ठेवला. "परत येशील ना?" विचारलं तर तिने रिमोट माझ्या हातात दिला. ती गेल्यावर मी धर्मशाळा उघडली, सगळ्या जणी होत्या. इतक्या वर्षांत स्वतःचं नाव तेवढं तिने कधी घातलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तिचं नाव मी घातलं, अगदी पहिल्या लेव्हलपासून. पहिल्याच दिवशी बाईसाहेब एका बेडकाकडून हरल्या! आता जरा बऱ्या चालतात.

परवा नवी मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली, बावरलेली. मी रिमोट खाली ठेवला नाही.

"ये, आत बस," म्हटलं. "ताईला फिरवून आणते."