‘आज सोडू नका’ म्हणणाऱ्या डॉक्टर

व्यसनमुक्तीच्या कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन, आणि कंपनीच्याच डॉक्टर मंचावरून एका दारू पिणाऱ्याला सांगतायत, “दादा, आज दारू सोडू नका.” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. डॉ. शाहीन यांची माझी ओळख तिथूनच सुरू झाली.

येरमाळ्याजवळ हायवेला कंपनीनं लहानसं केंद्र उघडलं होतं. मी जवळच्याच वाशी गावचा, कंपनीतर्फे गावोगावी जाऊन उपचारांची माहिती सांगणं हे माझं काम. मंडप गच्च भरला होता. संचालकांनी भाषणाच्या भरात विचारलं, “आत्ता, इथंच, कोण दारू सोडणार?” ढोकीचा अंकुश नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर तरातरा वर आला. माइक धरून म्हणाला, “आजपासनं थेंबाला शिवणार न्हाय.” टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली त्याची बायको सुरेखा पदरानं डोळे पुसत होती. माझ्याही अंगावर काटा आला.

तेवढ्यात शाहीन मॅडम खुर्चीवरून उठल्या. त्यांचं लक्ष त्याच्या शब्दांकडं नव्हतं, माइक धरलेल्या हाताकडं होतं. तो हात थरथरत होता.

“सकाळी उठल्याउठल्या लागते का, दादा?”

“लागते की. त्याबिगर हात थांबत न्हायत.”

“कधीपासनं?”

“पोरगी झाली न्हवती तवापासनं. आता ती कॉलेजला हाय.”

“मग आज सोडू नका. एकदम सोडली तर झटके येतील, जीवावर बेतंल. आत्ता माझ्यासंगं आत चला. औषधाच्या आधारानं सोडवू.”

मंडपात कुजबुज सुरू झाली. मग मागं कुणीतरी खिदळलं. अंकुशला तो अपमान वाटला. “मर्दाचा शब्द हाय,” म्हणून तो तडक निघाला. मॅडम चप्पल न घालता सुरेखामागं धावल्या. “घाम, थरथर, भास, काय बी दिसलं की फोन करा. वाट बघू नका,” एवढं तिला दोनदा बजावलं.

संचालक संतापले होते. “मॅडम, तुम्ही कंपनी बुडवणार.”

“सर, माणूस बुडाल्यावर कंपनी तरंगून काय करायचं?” त्या शांतपणे म्हणाल्या आणि चप्पल शोधायला गेल्या.

एक दिवस मध्ये गेला आणि दुपारी सुरेखाचा फोन आला. अंकुशला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, तो तिलाही ओळखत नव्हता. दिरानं त्याला खोलीत कोंडलं होतं. मॅडमनी इंजेक्शनांची पेटी उचलली आणि आम्ही गाडी काढली. वाटेत त्या पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलल्या.

“आमच्या मामूंना दारू सुटावी म्हणून असंच कोंडलं होतं. मुसलमानाच्या घरात दारू. लोकांना कळू नये म्हणून डॉक्टरबी बोलावला न्हाय. सगळं मायेपोटी केलं, सुधीर. दार उघडलं तेव्हा मामू गेले होते. मी दहावीत होते.”

मी गाडीचा वेग वाढवला.

घराच्या दारात अंकुशचा भाऊ आडवा उभा. “त्याच्या अंगात आलंय. देवीला नेणार हाय आमी.”

“न्या की. मीबी येते संगं,” मॅडम म्हणाल्या. “पण आधी ह्यांना देवीपुढं हात जोडता येतील, एवढं तरी बरं करू.”

भाऊ बाजूला झाला. कडी निघाली. अंकुश घामानं निथळत होता, अंगावरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकत होता. मॅडम त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या, नाव घेऊन बोलत राहिल्या आणि बोलता बोलता त्यांनी इंजेक्शन दिलं. केंद्रावर आणल्यावर नर्स ग्लुकोजची बाटली लावायला गेली, तर मॅडमनी तिचा हात धरला. “आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. दारूनं शरीर पोकळ झालंय, नुसती साखर दिली तर मेंदूला इजा होईल.” मी बघतच राहिलो. आमच्या पत्रकांत निश्चयाबद्दल पानंच्या पानं होती. ह्याबद्दल एक ओळ नव्हती.

पुढचे दोन दिवस त्या त्याच्या खाटेपासून फारशा हलल्या नाहीत. मग एका सकाळी अंकुशनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, “सुरेखा, च्या हाय का?” सुरेखा हसत-रडत बाहेर पळाली. मी तर व्हरांड्यातल्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

संचालकांनी स्वतः येऊन अंकुशची भेट घेतली. डॉक्टरनं तपासल्याशिवाय कुणाकडूनही शपथ घ्यायची नाही, असा नियम झाला. ‘हमखास मुक्ती’चे फलक मॅडमनी माझ्याच हातानं उतरवून घेतले.

ऊसतोडीचा हंगाम संपताना अंकुश परत प्याला आणि केंद्राच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मला राग आला होता. मॅडम म्हणाल्या, “दम्याचा पेशंट परत आला तर फाटकावर अडवता का त्याला?” अंकुशला एवढंच म्हणाल्या, “बरं झालं, स्वतःच्या पायानं आलात. जेवलात का?” त्यानंतर आजतागायत तो प्यालेला नाही. मॅडमना विचाराल तर त्या म्हणतील, “आजपर्यंत न्हाय, एवढंच लिहा.”

यंदा कंपनीनं त्यांना सगळ्या केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवायला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सामान गाडीत होतं, निरोप झाले होते, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. तेवढ्यात धोतर-टोपीतला एक म्हातारा खिडकीशी आला.

“बाई, माझं काय न्हाय. एका पाहुण्यासाठी विचारायचं हुतं.”

मॅडमनी गाडी बंद करायला सांगितली. त्याला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, मी दाराशी थांबलो.

“पाहुण्याला सकाळीच लागते का?”

“लागते म्हनं.”

“झोप?”

“न्हाय लागत त्याला.”

“पाहुण्याला म्हणावं, घाबरू नका. ह्यावर औषध हाय.” त्यांनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. “आणि पाहुण्याला म्हणावं, जरा सदरा काढा, छाती तपासते.”

म्हातारा खाली मान घालून बसला होता. मग हळूच हसला आणि सदऱ्याची बटणं सोडू लागला.