हिरव्या तंबूची सोबत

माणसाने जंगलात दुसऱ्या माणसापासून किती लांब तंबू ठोकावा, या विषयावर न्यूझीलंड सरकारचे आणि आमच्या घराण्याचे विचार जुळत नाहीत. सरकार म्हणतं, जेवढं लांब तेवढं बरं. आम्ही म्हणतो, एवढ्या लांब जाऊन एकटं काय बसायचं?

इथल्या सरकारी जंगलात काही ठिकाणी कुठेही तंबू ठोकायची मोकळीक असते. फी नाही, बुकिंग नाही, आखून दिलेल्या जागा नाहीत. नळ नाही, आणि संडासही नाही. (त्यासाठी फावडं न्यायचं असतं. ही माहिती मी माझ्या बायकोला, मेधाला, गाडी हायवेला लागल्यावर दिली.) अशा ठिकाणी जायची कल्पना माझी नव्हती. ती बाबांची होती, आणि म्हणूनच मला अजून लाज वाटते.

माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि जन्मभर दुसऱ्यांना बोलायला लावून स्वतः मात्र मोजकंच बोललेले. गेल्या वर्षी ते पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे हॅमिल्टनला आले. मी जवळच्याच 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका दूध-भुकटीच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि दुधाचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. म्हणजे म्हशी-गाईंनी वेळ दिला तर मी बाबांना वेळ देणार! (इथे म्हशी नाहीत, पण रागात माणूस मोजत बसत नाही.) बाबा दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्याचं गवत वाढताना आणि शेजारी ते कापताना बघत.

जायला पंधरा दिवस उरले तेव्हा एका संध्याकाळी ते म्हणाले, "श्री, जायच्या आधी मला तुझ्याशी थोडं बोलायचंय. निवांत."

"बोला ना बाबा!" मी म्हणालो, आणि फोन वाजला. कारखान्यात कुठलासा पंप बसला होता. पंप उठेपर्यंत बाबा झोपले होते. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी शांतपणे विचारलं, "अरे, तुझा फोन लागत नाही अशी एखादी जागा आहे का रे या देशात?"

होती. दोन तासांवर. बुधवारी त्यांचं विमान होतं आणि शनिवारी बाबा, मेधा, आमची मुलगी ईरा आणि मी असे निघालो.

निवांत बोलायला काय लागतं? दोन खुर्च्या. आम्ही नेलं ते असं: मोठा तंबू, छोटा तंबू, सतरंज्या, कुकर, पोळपाट-लाटणं, धपाट्यांचा डबा, चटण्यांचे तीन डबे, आणि जंगलाचे नियम मी स्वतः छापून प्लॅस्टिकमध्ये घालून आणलेला कागद. त्यावर चौथ्या क्रमांकाला स्पष्ट लिहिलं होतं: इतरांपासून अंतर ठेवा. मी तो नियम सगळ्यांना मोठ्याने वाचूनही दाखवला. तो इतरांसाठी असावा असं मी धरून चाललो.

जंगल सुरेख होतं. उंच रीमूची झाडं, खाली माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे, मधून वाहणारी नदी. आणि माणूस? औषधालाही नाही! बाबा गाडीतून उतरले, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "वा." मी मात्र चारी बाजूंना माणूस शोधायला लागलो. एवढ्या मोठ्या जंगलात आपण चौघंच? काही झालं तर? काय होणार, ते मला माहीत नव्हतं. या देशात साधा सापसुद्धा नाही. पण आमच्याकडे रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला जात नाही, रेल्वेच्या रिकाम्या डब्यात कोणी बसत नाही. वळणापलीकडे झाडीत मला एक छोटा हिरवा तंबू दिसला आणि जीव भांड्यात पडला.

"चला, सोबत झाली!" मी म्हणालो.

आम्ही त्या तंबूपासून आठ फुटांवर आमचा तंबू ठोकला. माझी एक दोरी त्याच्या दोरीवरून गेली, पण तेवढं चालतं. आतून सत्तरीचा एक उंच, दाढीवाला गोरा माणूस बाहेर आला. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात पुस्तक. त्याचं नाव ग्रॅहम.

"किया ओरा!" मी इथला माओरी नमस्कार ओरडून घातला.

"किया ओरा," तो म्हणाला. मग त्याने डावीकडचं जंगल पाहिलं, उजवीकडचं पाहिलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "हीप्स ऑफ रूम आउट हिअर, ए?"

"यस, यस! हीप्स! भरपूर जागा!" मी आनंदाने म्हणालो. किती मोकळ्या मनाची माणसं असतात ही!

सतरंजी अंथरली. बाबा खुर्चीत बसले, माकडटोपी नीट केली. पीवाकावाका नावाचा एक इवलासा पक्षी पंख्यासारखी शेपटी पसरून त्यांच्याभोवती नाचत होता. बाबा त्याच्याकडे बघत हसले आणि म्हणाले, "श्री, बस इथे. मला काय सांगायचं होतं, की आता—"

"एक मिनिट बाबा," मी म्हणालो, "तो तंबू काढतोय!"

खरंच! ग्रॅहम आपल्या खुंट्या उपटत होता. दहा मिनिटांत पाठीवर सगळं घेऊन तो नदीच्या वरच्या अंगाला चालू लागला. माझ्यातला इंजिनियर जागा झाला. स्थानिक माणूस, अनुभवी माणूस, लावलेला तंबू उगाच कशाला काढेल? नदीला पाणी येणार असेल. वरची फांदी पडणार असेल. त्याला काहीतरी कळलंय!

"उठा सगळे," मी म्हणालो. "आपणही हलायचं."

"कुठे?" मेधाने विचारलं.

"तो जातोय तिथे."

आमची अकरा वर्षांची ईरा इथेच जन्मली आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "डॅड, ही इज लिटरली ट्राइंग टू गेट अवे फ्रॉम अस."

"ईरा, मराठीत बोल. आजोबा आहेत."

ईराने क्षणभर विचार केला. "तो आपल्यापासून पळतोय," ती म्हणाली.

मराठीत ते जास्त वाईट वाटलं, म्हणून मी दुर्लक्ष केलं.  बाबांनी आपली खुर्ची स्वतः घडी केली आणि ती घेऊन आमच्यामागून सावकाश चालत आले. अर्ध्या वाटेत ते एकदा थांबले, गुडघ्यावर हात ठेवून. मी ते पाहिलं होतं. पण माझ्या डोक्यावर मोठा तंबू होता आणि बगलेत पोळपाट.

या वेळी मी सुधारलो होतो. चांगलं बारा फुटांचं अंतर ठेवलं! ग्रॅहमने आम्हाला पाहिलं आणि हातातलं पुस्तक हळूच मिटलं. मी अंगठा वर करून दाखवला. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', पण आवाजात गोडवा बेताचाच होता.

मेधाने कुकर चढवला. बाबा पुन्हा खुर्चीत बसले. "श्री," ते म्हणाले, "आता तरी दोन मिनिटं—"

"हो बाबा, फक्त ही खुंटी धरा. जमीन ढिली आहे इथे."

बाबांनी खुंटी धरली. मी ठोकली. त्यांनी दुसरी धरली. मी तीही ठोकली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माझा बाप काहीतरी सांगायला म्हणून दोन तास गाडीत बसून आला होता, आणि मी त्याला ओणवा करून खुंट्या धरायला लावल्या होत्या. सहाव्या खुंटीला कुकरची पहिली शिट्टी झाली. पलीकडच्या झाडावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. दुसऱ्या शिट्टीला ग्रॅहम उठून उभा राहिला. तिसरीला त्याचा तंबू जमीनदोस्त झालेला होता आणि तो टेकडी चढत होता.

आता कोणाही शहाण्या माणसाला समजलं असतं. मलाही आतून समजलं होतं, हे आज कबूल करतो. पण मेधा म्हणाली, "अरे, तो एकटा म्हातारा माणूस जेवणार काय? मसालेभात तरी देऊन ये." माझ्या ते पथ्यावरच पडलं. डबा द्यायला जायचंच आहे, तर मग सामान घेऊनच जाऊ! तिथे टेकडीवरून दृश्यही छान असेल.

"डॅड, नो!" ईरा म्हणाली. हे भाषांतराशिवाय कळलं.

दुसऱ्यांदा तंबू काढताना गडबडीत निम्म्या खुंट्या जमिनीतच राहिल्या. टेकडीवर ग्रॅहमच्या हातात डबा दिला, पण त्याच्या तंबूजवळ जागाच नव्हती, म्हणून जरा अलीकडे थांबलो; तिथे जमीन खडकाळ. तंबू एका बाजूने उभा केला की दुसऱ्या बाजूने बसायचा. मी आत शिरून मधला खांब धरला, मेधा बाहेरून दोरी ओढत होती, ईरा सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या मारत सूचना देत होती, आणि अखेर संपूर्ण तंबू माझ्या डोक्यावर शांतपणे उतरला. त्या अंधारात मी ओरडलो, "बाबा! जरा तो कोपरा धरा!"

कोपरा कोणी धरला नाही.

"बाबा?"

मेधाचा आवाज आला. "श्री, बाबा नाहीत इथे."

मी कापडातून कसाबसा बाहेर आलो. खुर्ची नव्हती, बाबा नव्हते. खाली नदी होती, तिन्ही बाजूंना जंगल होतं, आणि माझा फोन, ज्याला इथे रेंज नाही म्हणून आम्ही आलो होतो, त्याला रेंज नव्हती. मी "बाबा! बाबा!" ओरडत पळत सुटलो. नेच्यांत शिरलो, एका ओंडक्याला अडखळून पडलो, उठलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तीन महिने तो माणूस माझ्या घरात, माझ्यापासून दहा पावलांवर बसला होता, आणि तेव्हा मी एकदाही पळत त्याच्याकडे गेलो नव्हतो.

दोनेकशे पावलांवर ते सापडले. ग्रॅहमच्या तंबूपुढे दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडलेल्या होत्या. बाबांच्या हातात थर्मासच्या झाकणात चहा. ग्रॅहम काहीतरी सांगत होता, बाबा मान डोलावत होते. मग बाबा आपल्या खात्यातल्या इंग्रजीत सावकाश काही बोलले आणि ग्रॅहमने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पीवाकावाका दोघांच्या मधे नाचत होता.

"बाबा!" मला धाप लागली होती. "सांगून तरी जायचं!"

"अरे, तू तंबूत होतास," बाबा म्हणाले. "ये, बस." मग माझ्या अवताराकडे पाहून म्हणाले, "नाहीतर राहू दे. तुझा तंबू पडलाय ना? तो बघ आधी."

आणि मी गेलो! लक्षात घ्या, मी गेलो. तंबू उभा करायला.

सकाळी सामान गाडीत भरताना ग्रॅहम खाली आला. मसालेभाताचा डबा त्याने घासून, पुसून परत आणला होता. मी त्याची माफी मागितली. तो हसला. म्हणाला, तुमचे वडील आले, शेजारी बसले आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. फार चांगला माणूस. मग त्याने आवाज खाली केला.

"मेक द मोस्ट ऑफ हिम, मेट. ही रेकन्स दिस इज हिज लास्ट ट्रिप."

माझ्या हातात पोळपाट होता. तो मी दोनदा गाडीत ठेवला आणि दोनदा बाहेर काढला.

परतीच्या वाटेवर मेधा आणि ईरा मागे झोपल्या तेव्हा मी विचारलं, "बाबा, तो म्हणाला ते खरं आहे?"

"हो रे," बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "गुडघे ऐकत नाहीत. विमानात इतके तास आता झेपत नाही. मी काही परत यायचा नाही. तेच सांगायचं होतं तुला."

"मग त्याला कसं सांगितलंत?"

"त्याला वेळ होता."

रागाने म्हणाले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "बाबा, आता बोलू या ना." ते म्हणाले, "बोललो की," आणि माझ्या हातावर थोपटलं. त्याच क्षणी रेंज आली आणि माझ्या फोनवर कारखान्याचे अकरा मेसेज एकामागून एक वाजले. बाबा हसले. "बघ," म्हणाले, "पंप असेल."

बुधवारी ते गेले. आता दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो. तब्येत कशी, बरी आहे, जेवलात का, जेवलो. शेवटी ते न चुकता विचारतात, "तुझा तो ग्रॅहम काय म्हणतो?" माझा ग्रॅहम! एकांत हवा असलेली दोनच माणसं होती त्या जंगलात, आणि मी तंबू डोक्यावर घेऊन दोघांच्याही मागे लागलो होतो.

या उन्हाळ्यात मी पुन्हा त्याच जागी गेलो. एकटा. छोटा तंबू, दोन खुर्च्या, कुकर नाही. एका खुर्चीत बसलो, दुसरी शेजारी मांडली. ठरवलं होतं, बाबा बसले तसं बसायचं, गप्प. बाबांशी जे बोलायचं राहिलं ते मनातल्या मनात बोलायचं. पक्षी बोलत होते, नदी बोलत होती. रिकामी खुर्ची काही बोलेना. मी चांगली चाळीस मिनिटं टिकलो.

मग पलीकडच्या झाडीत मला एक निळा तंबू दिसला. मी उठलो आणि खुंट्या उपटायला लागलो.