दुधातून जाणारी गोळी

त्या विभागात सगळे त्यांना 'पिशवीवाल्या सिस्टर' म्हणत. औषध अंगावर उलटून कातडी फोडांनी सोलवटलेले पेशंट तिथे येत. जीव वाचवायचा तर आधी ते औषध बंद व्हायला हवं. पण "काय काय औषधं घेता?" असं विचारून पूर्ण उत्तर कधी मिळत नाही, हे सिस्टर अठ्ठावीस वर्षांत शिकल्या होत्या. म्हणून त्या नातेवाइकांची पिशवीच टेबलावर उलटी करत. लोक रागावत. रागावोत बापडे!

त्या टेलरच्या वेळी मात्र पिशवी राहून गेली. तो आला तेव्हा एकच धावपळ उडाली होती. खोली उबदार करा, सलाइन लावा, डोळ्यांत थेंब घाला, न चिकटणाऱ्या पट्ट्या हलक्या हाताने ठेवा. संशय तापाच्या गोळीवर होता, ती बंद केली. तरी तिसऱ्या दिवशी पाठीवर नवे फोड!

"असंच चाललं तर माणूस हातचा जाईल," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांना पिशवी आठवली आणि स्वतःचाच संताप आला. त्या तडक टेलरच्या बायकोकडे गेल्या. पिशवीतून टॉवेल निघाला, कंगवा निघाला आणि गोळ्यांचं एक पाकीट.

"ही कसली?"

"ही औषध नाही हो, घरचीच आहे. भाऊजींची. ह्यांचा अंगठा सुजायचा, म्हणून महिनाभर देतेय. आता तोंड आलंय ना, म्हणून दुधात कुस्करून..."

"अहो वहिनी!" सिस्टर एवढंच म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि चोर रोज चमच्याचमच्याने आत जात होता.

गोळी थांबली. दोन दिवसांनी सिस्टरांनी पाठ तपासली, पुन्हा तपासली. नवा फोड एकही नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला. आठवड्याभरात कोवळी कातडी धरू लागली.

बायको मात्र दारातच घुटमळत होती.

"सिस्टर, तुम्ही ह्यांना सांगणार का हो, की मीच..."

सिस्टरांनी एक कार्ड तिच्यापुढे धरलं. "हे त्यांनी आयुष्यभर खिशात ठेवायचं. ह्यावर गोळीचं नाव लिहिलंय. देणारीचं लिहायला जागाच नाही. आणि पिशवी बघायला विसरणारीचंही नाही. चला आत. 'आमची मंडळी कुठे गेली' म्हणून सकाळपासून चारदा विचारून झालंय त्यांचं."

ती रडतच आत गेली.