मामांनी रंगवलेली चौकट

घराचं दार आत जाण्यासाठी असतं, असा सगळ्या जगाचा समज आहे. आमच्या थोरल्या मामांना तो कधीच मान्य नव्हता. त्यांच्या मते दार हे बाहेर उभं राहून बघण्यासाठी असतं आणि घराची किंमत तिथंच ठरते. आत असतो तो पसारा, आणि तो सगळ्यांचा सारखाच. त्यामुळे मामा कुणाकडं गेले की पाव तास उंबऱ्याबाहेरच. चौकटीवरून हात फिरवायचे, कडी वाजवून बघायचे, तोवर आतला चहा निवून जायचा. माझ्या बहिणीसाठी बघितलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी असंच दारातून माघारी फिरून मोडलं. "कडी गंजलीया. ह्यांच्याकडं कुणी येत न्हाय, जात न्हाय. पोरीनं बोलायचं कुणाशी?" पुढं ते दूध सोसायटीचे चेअरमन झाले आणि नेमका दुष्काळ पडला. म्हशी आटल्या, दूध दोन किटल्यांवर आलं. मामांनी सोसायटीच्या दाराला असा काही रंग दिला, की तपासणीला आलेले साहेब दारातच फोटो काढून खुशीत परत गेले.

आमचं मुरूम गावातलं घर विकायचं ठरलं ते त्याच दिवसांत. मी साखर कारखान्यात कारकून, मला तिथं क्वार्टर मिळालेलं. आई इकडं एकटी. विहिरीनं तळ दाखवलेला, आणि टँकर येईल त्या दिवशी साठी उलटलेली आई हंडा घेऊन उन्हात रांगेत. चल म्हटलं की एकच उत्तर, "घरात दिवा लावणारं माणूस मिळू दे, मग म्या उंबरा सोडती." चार महिने खटपट करून मी एकच गिऱ्हाईक आणलं, आणि तेही स्वतःचंच घर विकायला निघालेलं निघालं. शेवटी मामांना पत्र टाकलं आणि मीही रजा काढून आलो.

मामा ब्रश, चुना आणि तांबड्या रंगाचा डबा घेऊनच उतरले. आतल्या भिंतीला पोपडे आले होते, माळवद दोन ठिकाणी खचलं होतं, तिकडं त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही. चौकट खरवडली, रंगवली, कडीला तेल दिलं. रोज सकाळी दारात सडा हवाच म्हणून आपल्या अंघोळीचं पाणी दारात शिंपडू लागले. आठव्या दिवशी आई म्हणाली, "दादा, दार लई झ्याक झालं. पर तुमच्यापाशी बसवंना आता." माझ्या नव्याकोऱ्या चपला त्यांनी उंबऱ्याशी मांडून ठेवल्या, घरात कर्ता माणूस आहे असं दिसलं पाहिजे. कर्ता माणूस आठवडाभर अनवाणी हिंडला. आणि दाराला त्यांनी बांधलेलं ते तोरण! एक व्यापारी घर बघायला आला, तोरण नि सडा बघून घरात लग्नकार्य आहे असं समजला आणि "कार्य उरकू द्या" म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

मग एक दिवस दारात बैलगाडी थांबली. म्हातारा-म्हातारी माकणीकडची, त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार होतं. म्हाताऱ्यानं पहिलाच प्रश्न केला, "दार किती उंच हाय?" मामांचा चेहरा खुलला. उभ्या जन्मात पहिल्यांदाच कुणी जाणता भेटला होता. पण म्हाताऱ्यानं गाडीतली वाकळ बाजूला केली. खाली त्यांच्या जुन्या घराची चौकट होती.

"ही बसवायची हाय. बसली तर घर घेतो, न्हायतर म्होरं जातो."

मामांनी सुतळीनं माप घेतलं. त्यांची चौकट आमच्या दारापेक्षा चार बोटं उंच. आई दाराआडून बघत होती. मामांनी आपल्या तांबड्या दाराकडं पाहिलं, मग आईकडं. "बसती की," म्हणाले, आणि शेजारून पहार मागून आणली.

दोन दिवस ते स्वतः भिंत फोडत होते. नवी चौकट उभी राहिली तेव्हा सवयीनं तिच्यावरचे हळदीकुंकवाचे काळपट थर पुसायला गेले. म्हातारी कळवळली, "र्‍हाऊ द्या भाऊ. माझ्या सासूच्या हातचं हाय त्ये." मामांनी फडकं चटकन मागं घेतलं, चूक झालेल्या पोरासारखं.

आमची चौकट ओट्यावर आडवी पडली होती. म्हातारा ती गोठ्याला लावणार होता. निघायच्या दिवशी सकाळी मामा तिलाच रंगाचा एक हात देत बसलेले. "मामा, गोठ्याला कशाला?" मी म्हणालो. "जनावरं काय आंधळी हायत व्हय रं?"

म्हातारीनं आत दिवा लावला. आई बाहेर आली आणि वाकून आडव्या पडलेल्या चौकटीला हात लावला. रंग ओला होता.

एसटीत ती तांबडा तळवा मांडीवर उघडा ठेवून बसली. मी रुमाल पुढं केला. "असू दे," म्हणाली. रस्त्याकडेची कितीतरी दारं मागं गेली. मामा खिडकीशीच बसले होते, पण त्यांनी एकाकडंही बघितलं नाही. आईच्या हाताला धक्का लागू नये म्हणून ते सारा रस्ता अंग चोरून बसून राहिले.